मास्तरांना दिलेले शब्द

आये, तुला जाऊन लई वर्षं झाली, आणि तुला वाचता येत नव्हतंच, तरी लिहितोय. हे विचारायला दुसरं कुणी न्हाय.

पुण्याहून एक मास्तर आलेत. थोडीच माणसं बोलतात अशा बोल्या ते गोळा करत हिंडतात. मी मधे गिरणीत होतो, मग तंबूतल्या सिनेमाबरोबर बार्शीपर्यंत गेलो, तिथला पेटीवाला काय झकास शीळ घालायचा... ते असू दे. परत आलो, तर इथल्या नवी पेठेत मास्तर भेटले आणि मी बोलून गेलो, आमची कैकाडी मला येते. तेव्हापासून त्यांच्याबरोबर आहे.

येते म्हणजे किती, ते तुला माहीत. बाजारात तू टोपल्या मांडून बसलीयस, शेजारी मावशी. एक बाई टोपली उलटीपालटी करतेय आणि तुम्ही दोघी आपल्या बोलीत तिच्या नथीवरून काहीबाही बोलताय. बाई विचारते, "काय गं बोलताय?" तू म्हणतेस, "कुटं काय, टोपली मजबूत हाय म्हनतीया ही." मी फिस्सकन हसलो. बाई गेल्यावर तू ओल्या फोकानं माझ्या पोटऱ्यांवर सडकलंस. "समजलं असं दाखवायचं न्हाय."

मास्तर म्हणतात, म्हातारी माणसं गेली की ही बोली गेली, आत्ताच उतरवून घ्यायला हवी. पटतं. त्यांना मावशीकडे नेलं, तर ती म्हणाली, "तुमास्नी काय आमच्या बोलीत टोपल्या इकायच्यात व्हय?" मग मला बाजूला ओढून, "लोकास्नी समजू नये म्हनूनच हाय की ती. समजली तर ऱ्हायलं काय?" तेही पटतं. दोन्ही कसं पटतं, तेच कळत नाही.

शेवटी मीच सांगितलं. पाणी, चूल, फोक, ये, जेव, पळ. मास्तर एकेक शब्द मोठ्यानं म्हणत होते, अगदी बरोबर, आणि मला वाटत होतं, कुणीतरी आपल्या घरात पायताण घालून फिरतंय. मग माझंच मला वाईट वाटलं. माणूस चांगला आहे, मला शेजारी बसवून जेवतो.

काल त्यांनी विचारलं, "आई तुला लाडानं काय म्हणायची रे?"

मी म्हणालो, आठवत नाही.

आठवतं, आये. हा कागद कुठं जायचा नाही, तरी इथंही लिहीत नाही.