बाबांनी केलेला बोर्ड

५ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र परवा मिळालं. चार वेळा वाचलं. आत्यानं काय लिहिलंय म्हणून विचारलं, तर सरळ तिच्या हातात दिलं, कारण मला ते मोठ्यानं वाचवेना. गळ्यातली गाठ वाईट निघाली, स्वरयंत्रच काढावं लागणार, मग आवाज राहणार नाही, एवढं सगळं तू तीन ओळींत उरकलंस आणि पुढं दोन पानं हवेबद्दल लिहीत बसलीस. तुझी आईही अशीच होती. मोठं दुखणं लपवायची आणि बोट कापलं की घर डोक्यावर घ्यायची.

आता मी काय केलं ते सांगतो. हसू नकोस. काल कानाची मशीनं घेतली, दोन्ही कानांची. नऊ वर्षं तू कानीकपाळी ओरडत होतीस आणि मी म्हणत होतो, कॉम्प्रेसरच्या खोलीत जन्म घालवलेल्या वायरमनला बहिरेपण हे निवृत्तीबरोबरच मिळतं. खरं कारण वेगळंच होतं. म्हातारा दिसेन याची लाज वाटायची. तेवढ्यापायी नऊ वर्षं वाया घालवली. आता मला ऑपरेशनच्या आधी तिकडं येऊन, समोर बसून तुझा आवाज ऐकायचा आहे. दुसरं काहीही नको.

फोनचा नाद सोड. फोन कानाशी नेला की मशीन शिट्टी मारतं, आणि तुझा आवाज आधीच बसलेला. कानाच्या बाई म्हणाल्या की फोनची सवय व्हायला सहा महिने लागतील, समोरचं माणूस मात्र लगेच कळेल. तसं आत्याचं सगळं कळायला लागलंय. तिला ते फारसं आवडलेलं दिसत नाही, कारण इतकी वर्षं ती माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोलायची.

ही मशीनं रोज झोपताना डबीत ठेवून चार्ज करावी लागतात. एक दिवस कशीबशी पुरतात. तुझ्याकडची पिन निराळी असते म्हणे. फोटो पाठवू नकोस, फोटोत माप कळत नाही. भिंतीतल्या सॉकेटवर पातळ कागद धर आणि पेन्सिल आडवी करून घास. भोकं जशीच्या तशी उठतील. व्होल्ट किती तेही लिही. कमी असतील तर मी इथूनच ट्रान्सफॉर्मर गुंडाळून आणतो.

जिवाला जप. औषधं वेळेवर घे.

तुझा,
बाबा


१८ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मशीनं घेतल्याचं वाचून आधी रडले, मग चिडले, मग शेजारणीला सांगून आले. नऊ वर्षं, बाबा! बरं, आता भांडत नाही. भांडण समोरासमोर करू, म्हणजे तुम्हाला ते ऐकू येईल.

सोबत कागद जोडला आहे. दोन उभ्या फटी आहेत, त्यातली एक किंचित लांब, आणि खाली एक अर्धगोल भोक. घासताना पेन्सिलचं टोक दोनदा मोडलं. स्वयंपाकघरातलं आणि तुमच्या खोलीतलं सॉकेट सारखंच आहे. एकशेवीस व्होल्ट. पण ट्रान्सफॉर्मर कृपा करून गुंडाळू नका. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरं असतील ती भिंगातून वाचा. शंभर ते दोनशे चाळीस असं लिहिलेलं असेल तर तो कुठल्याही विजेवर चालतो, फक्त पिनेचा आकार बदलणारा अ‍ॅडॅप्टर हवा. विमानात चार किलोचं लोखंड घेऊन बसलात तर तुम्हाला उतरवून ठेवतील आणि मी मात्र विमानतळावर वाट बघत राहीन.

ऑपरेशन मार्चच्या अठ्ठावीस तारखेला ठरलं आहे. तुम्ही दहा तारखेपर्यंत आलात तर आपल्याला चांगले अठरा दिवस मिळतील. ऑफिसात मला फोनच्या कामावरून काढून लेखी कामाला बसवलं. तुम्हाला माहीत आहे ना माझं काम, लिफ्टमध्ये माणसं अडकली की आतलं बटण दाबतात आणि फोन माझ्याकडे येतो. मेकॅनिक पोचेपर्यंत मी त्यांच्याशी बोलत राहायचं. अकरा वर्षं हेच केलं. घाबरलेल्या परक्या माणसाला काय सांगायचं ते मला झोपेतसुद्धा सांगता येईल. तुम्हाला काय सांगायचं ते मात्र सुचत नाही. रोज थोडं थोडं ठरवते आहे.

आत्याला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची,
ठमी


३० जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझा कागद खिशात घालून तीन दुकानं पालथी घातली. पहिल्यानं सगळ्या देशांचा एकच अ‍ॅडॅप्टर दाखवला. बाजूच्या खुंट्या सरकवल्या की हव्या त्या पिना बाहेर येतात. दिसायला झकास. हातात घेऊन हलवला तर पिना दुखऱ्या दातासारख्या डुगडुगत होत्या. पिन डुगडुगली की ठिणगी पडते, ठिणगी पडली की प्लॅस्टिक वितळतं. दुकानदार म्हणाला की काका, सगळे हाच नेतात. मी म्हटलं की नेऊ देत बापडे. दुसऱ्याकडं स्वस्त आणि त्याहून वाईट होता. तिसरीकडं एक म्हातारी बाई गल्ल्यावर होती. तिनं तुझा कागद पाहिला, आत गेली आणि तुझ्याच देशापुरता एक साधा, ठोकळा अ‍ॅडॅप्टर घेऊन आली. कागदावर ठेवला तर रेघेला रेघ जुळली. आपली पिन आत घातली तर काढायला जोर लावावा लागला. असा पाहिजे. घेतला.

चार्जरवर तू म्हणालीस तेच लिहिलेलं निघालं. ट्रान्सफॉर्मर रद्द. निम्मा गुंडाळून झाला होता, पण असो.

एक गोष्ट मात्र मला पटेना. तुमच्या सॉकेटला बटण नसतं. घातली पिन की चालू! बटणाशिवाय वीज घरात खेळवायची म्हणजे काय? म्हणून मी एक छोटा बोर्ड केला आहे. वीतभर लाकूड, एक सॉकेट, एक बटण, एक लाल दिवा. अ‍ॅडॅप्टर भिंतीत, बोर्ड अ‍ॅडॅप्टरमध्ये, चार्जर बोर्डात. आत्या म्हणाली की नाकाला बोट लावायला मानेमागून हात कशाला. तिला वायरिंगमधलं काय कळतंय.

व्हिसाची मुलाखत झाली. साहेबानं विचारलं की कशासाठी जाताय. मी म्हटलं की मुलीशी बोलायला. त्यानं ते लिहून घेतलं. उत्तर महिन्यानं येईल.

तुझ्या पत्राच्या वाटेकडं डोळे लावून,
बाबा


१९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे आणि हे पत्र कुरिअरनं पाठवते आहे. कालच्या तपासणीत गाठ वाढलेली दिसली. डॉक्टरीणबाई थांबायला तयार नाहीत. ऑपरेशन मार्चच्या चार तारखेला, सकाळी. व्हिसा आला की मिळेल त्या विमानानं या. आवाज अजून आहे. घोगरा आहे, पण माझाच आहे. मी तो तुमच्यासाठी राखून ठेवते आहे, दिवसभर कुणाशी बोलत नाही.

तुमची,
ठमी


९ एप्रिल

चि. ठमीस,
आत्याचे अ. उ. आ.

तुझी तब्येत सुधारते आहे आणि तू पातळ का होईना जेवायला लागलीस, हे वाचून जीव भांड्यात पडला. दादा सुखरूप पोचला, पण त्याच्यात राम नाही गं. मी समजले प्रवासाचा शीण. आता आठ दिवस झाले. तो लाकडी बोर्ड टेबलावर ठेवून समोर बसतो. परवा खोलून ठेवला, काल पुन्हा जोडला. मशीनं कानात घालत नाही. विचारलं तर म्हणतो की आता कशाला. मी म्हटलं, अरे, लेकीचा आवाज ऐकून आलास, त्या आनंदात राहा. तर उठून बाहेर निघून गेला आणि जेवायलाही आला नाही. तुमचं तिकडं काही बिनसलं का? लपवू नकोस. बापलेक दोघंही आतल्या गाठीचे, मधल्या मध्ये माझं डोकं फिरतं.

तुझी,
आत्या


११ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

आत्यानं तुला लिहिलं हे मला कळलं. तिच्याकडून अर्धवट कळण्यापेक्षा माझ्याकडून पुरतं कळलेलं बरं.

मी तुझा आवाज ऐकलेला नाही.

व्हिसा उशिरा आला, मी पोचलो तो ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी. दोन विमानांच्या प्रवासात मशीनं केव्हाच बंद पडली होती. विमानतळावर तू बोलायला लागलीस तेव्हा मी हातानं खूण केली की उद्या, चार्ज झाल्यावर. घरी आल्या आल्या बोर्ड लावला, बटण दाबलं, डबी ठेवली. दिवा तुमच्या कमी विजेवर अगदी मंद लागला, पण लागला, मी डोळ्यांनी पाहिला. मग झोपायला जाताना माझ्या हातानं बटण बंद केलं. मी केलं असं म्हणवत नाही. चाळीस वर्षं खोली सोडताना बोर्डाचं बटण बंद केल्याशिवाय हा हात बाहेर पडलेला नाही. कारखान्यात एकदा माझ्या जोडीदारानं बटण चालू ठेवलं आणि तिसऱ्याच माणसाची बोटं गेली, तेव्हापासूनची ही सवय. माझं लक्षही नव्हतं. नुसता अ‍ॅडॅप्टर भिंतीत लावला असता तर काही झालं नसतं. तू सांगितलं होतंस तेवढंच केलं असतं तर.

सकाळी मशीनं कानात घातली आणि काहीच नाही. तू बूट घालून दारात उभी होतीस, बोलायला सुरुवातही केली होतीस. तुझा चेहरा पाहून माझ्यानं सांगवलं नाही. मी मान हलवली. दवाखान्यातल्या त्या खोलीत तू सव्वा तास बोललीस आणि मी सव्वा तास मान हलवली. ओठांवरून मला दोनच शब्द कळले, आई आणि पाणी. मध्येच तू रडलीस, तेव्हा मी मान हलवली. हसलीस, तेव्हाही हलवली. मग तुला आत नेलं.

दुसऱ्या दिवसापासून मशीनं नीट चालू होती. तीन आठवडे मला तुझ्या घरातलं सगळं ऐकू येत होतं. फ्रिजची घरघर, चमचा ठेवल्याचा आवाज, तुझ्या गळ्याच्या भोकातून येणारा श्वास. तू पाटीवर लिहायचीस, मी तोंडानं उत्तर द्यायचो. त्याच पाटीवर हे लिहून दाखवायचं रोज ठरवत होतो. भ्याड आहे मी. तुझा शेवटचा आवाज मी फुकट घालवला आणि वर ऐकल्याचं सोंग केलं. मला माफ कर असं लिहायचीही लाज वाटते.

तुझा,
बाबा


२४ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. आधी जेवून घ्या, मग पुढचं वाचा. आत्या समोर असेल तर तिला सांगा की बिनसलेलं काही नाही.

मला माहीत होतं. तुम्ही वाकून बूट घालत होतात तेव्हा मी आत पिशवी आणायला गेले आणि बोर्ड पाहिला. बटण बंद होतं. तुमच्या हाताला मी लहानपणापासून ओळखते, त्यामुळे काय झालं ते लगेच कळलं. खाली टॅक्सी येऊन थांबली होती. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिथंच खाली बसला असता, आणि ती सकाळ तुम्हाला सावरण्यात गेली असती. म्हणून सांगितलं नाही. सोंग तुम्ही एकट्यानं केलेलं नाही.

आता जे लिहिणार आहे ते वाचून वाईट वाटेल, पण खरं लिहिते. मला आधी धक्का बसला आणि मग सुटल्यासारखं वाटलं. तुम्हाला काय सांगायचं ते मी दोन महिने पाठ करत होते. चांगलं चांगलं, तुम्ही जन्मभर जपून ठेवाल असं. बाबा तुम्ही मला वाढवलंत, बाबा काळजी करू नका, मी खंबीर आहे. टॅक्सीत बसले आणि लक्षात आलं, यातलं काहीच बोलायची गरज नाही.

म्हणून बाकीचं बोलले. आई गेली तेव्हा तुम्ही आठव्या दिवशी कामावर गेलात आणि मी घरात एकटी बसून राहायचे, ते बोलले. मी पाण्याच्या टाकीमागे लपून बसायचे आणि तुम्ही मला शोधायला कधी आला नाहीत, तेही. तुम्ही नऊ वर्षं मशीन घेतलं नाहीत आणि फोनवर मी ओरडून ओरडून थकले, म्हणून मी फोन करणं कमी केलं. कामाचं कारण खोटं होतं. तो राग अजून पुरता गेलेला नाही, बाबा. जाईल असं वाटतं. तुमच्या लाल दिव्याच्या बोर्डाला मी मनसोक्त शिव्या दिल्या आणि तुम्ही गंभीरपणे मान हलवलीत, तेव्हा मला हसू आलं. तुम्ही पाहिलंत ते हसू त्याचंच.

आवाज हवा असेल तर ऑफिसात तो साठवलेला आहे, अकरा वर्षांचा. मागितला तर देतील, मी पाठवीन. त्यात मी अनोळखी माणसांना सांगते आहे की घाबरू नका, मी इथंच आहे. छान आवाज आहे, तुम्हाला आवडेल. त्यासाठी तरी मशीनं कानात घाला.

पण त्या सकाळचा आवाज तो नव्हता. शेवटची वीस मिनिटं मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, की बाबा, मला भीती वाटते. मी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरीणबाईंनाही नाही. तुम्हाला ऐकू येत असतं तर मी तुम्हालाच धीर देत बसले असते, आणि माझा आवाज त्यातच संपला असता.

आत्याला नमस्कार. आपला आशीर्वाद असू द्या, आणि पत्र लिहीत राहा.

तुमची,
ठमी