झाडांवरच्या गाठी

प्रिय छोट्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, पण रुसवा मात्र अजून तिसरीतल्या पोराचा. असू दे. रविवारपासून मी बाबांकडे आलेय. बसस्टँडसमोर दुकान थाटून बसलेल्या माणसाला कोण उतरलं, कोण चढलं हे सांगावं लागत नाही, तेव्हा तुला हे ठाऊक असणारच.

आल्या आल्याच मला काहीतरी खटकलं. आता तू म्हणशील, फौजदारीण सुरू झाली. अरे, तीस वर्षं विमा कंपनीत लोकांच्या आगी आणि चोऱ्या तपासल्या. रिटायर झाले म्हणून नाकाला थोडाच वास यायचा थांबतो? मी फाटकातून आत शिरले तर बाबा पायरीवर बसलेले. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, ये, उजव्या चपलेची टाच झिजलीय तुझी. घरात प्रत्येक वस्तू जागच्या जागी. ज्या माणसाचा मोजा कधी मोज्याला भेटला नाही, त्याच्या घरात! मी कप धुऊन दुसऱ्या फळीवर ठेवला तर केवढे चिडले. पेपर बंद केलाय, म्हणे बातम्यांत काही राम राहिला नाही. चहा ओतताना कपात बोट घालतात. मी नाक मुरडलं तर म्हणाले, बोट माझं, कप माझा. मला वाटलं, म्हातारपणाची लहर.

सोमवारी मागच्या रानात गेले. तुला आठवतं, आपण तिथे लपाछपी खेळायचो आणि तू लपलास की तासभर सापडायचा नाहीस? तीच शांतता आहे अजून. कुंपणापलीकडे शेतं, मग गवताचा उतार आणि मग एकदम झाडी. आत शिरलं की स्वतःच्या श्वासाचासुद्धा आवाज येतो. पण पायवाट बघून माझ्या मनात पाल चुकचुकली. एक दगड नाही, एक काटकी नाही. अंगण झाडावं तशी कुणीतरी झाडलेली. रानातली वाट कोण कशाला झाडेल? ज्याला तिथून काही ओढून न्यायचंय तोच ना?

आणि मग दिसली सुतळी. दिसली कसली, खोडाला टेकले म्हणून हाताला लागली. सालीच्याच रंगाची, छातीच्या उंचीवर, खोडाभोवती घट्ट बांधलेली. पुढच्या झाडाला तशीच. त्याच्या पुढच्यालाही. मंगळवारी वही घेऊन गेले आणि मोजली. एकेचाळीस झाडं. बहुतेकांना एक गाठ, वाट फुटते तिथल्या झाडांना दोन, ओढ्याजवळच्या एकाला तीन. तोडायची झाडं लोक चुन्याने रंगवतात, लांबून दिसावीत म्हणून. ही खूण तर दोन हातांवरूनही दिसत नव्हती. न दिसणारी खूण कोण करतं? चोर. एक गाठ म्हणजे यंदा तोडायचं, दोन म्हणजे पुढच्या वर्षी, असा हिशोबही मी लावून टाकला. स्वतःवर खूश झाले होते रे.

गाठ कुणाची हे ओळखायला मला भिंग लागलं नाही. बाबांची पार्सलगाठ ती. पोस्टात पार्सलं बांधून बांधून हातात बसलेली. ओढली की आवळते, सुटायची नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला सुतळी बांधून त्यांनी आपल्याला शिकवायचा किती प्रयत्न केला. मला काही ती जमली नाही. मी रडून शेवटी कात्री आणली आणि सुतळीच कापून टाकली. तुला पहिल्या दिवशी आली, फक्त तू डावरा, म्हणून तुझ्या गाठीचं टोक डावीकडे राहायचं. या एकेचाळीस झाडांवरच्या एकूण एक गाठीचं टोक डावीकडे होतं.

मग काय, माझ्या डोक्यात सगळं चपखल बसलं. दोन वर्षांपूर्वी तू त्या लाकूडवखारवाल्याला घेऊन आला होतास, जुनी झाडं विकून बाबांना बरं घर बांधून देऊ म्हणालास, आणि मी जेवणाच्या टेबलावर तुला नाही नाही ते बोलले. तेव्हापासून तू अबोला धरलास. आता माझ्या मागे, बाबांच्या नाकाखाली, तू झाडं खुणावून ठेवलीस असंच मला वाटलं. बाबांना आडून विचारलं, छोट्या येतो का? तर ताकास तूर लागू देईनात. येतो कधीमधी, घेवड्याचे वेल बांधून देतो, म्हणाले. एकेचाळीस वेल! माझा संताप अनावर झाला. बुधवारी मी काय केलं ते शेवटी सांगते.

गुरुवारी सकाळी बाबा रानात निघाले तशी मी मागे निघाले. तू त्यांना तिथे भेटणार याची मला खात्री होती. या वयात, या गुडघ्यांनी, खोडाआडून खोडाआड. बाबांच्या हातात काठी नव्हती. डावा हात झाडावरून झाडावर फिरत होता. प्रत्येक ठिकाणी बोटं सुतळीवर थांबायची, गाठ चाचपायची आणि मग पुढचं पाऊल पडायचं. दोन गाठी लागल्या तिथे वळले. तीन गाठी लागल्या तिथे खाली वाकून दगड चाचपला आणि ओढ्याचा आवाज ऐकत बसले. माझ्या पायाखाली काटकी मोडली. बाबांनी मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं. दहा पावलांवर होते मी, छोट्या, उघड्यावर, लाल स्वेटर घालून. त्यांनी विचारलं, कोण आहे?

मी तोंडावर हात दाबून उभी राहिले. आपल्या बाबांना दिसत नाही, आणि हे मला, लोकांची खोटी आग वासावरून ओळखणाऱ्या बाईला, चार दिवस एका घरात राहून कळलं नाही. त्यांनी ते सगळ्यांत जास्त कुणापासून लपवलं असेल तर माझ्यापासून. का, तेही मला माहीत आहे. त्याच टेबलावर मी म्हणाले होते ना, ज्या दिवशी तुम्हाला एकट्याला जमणार नाही त्या दिवशी सामान बांधायचं आणि माझ्या तिसऱ्या मजल्यावर यायचं, चर्चा नाही. मायेने म्हणाले होते रे. पण त्यांना ती धमकीच वाटली असणार. तुला त्यांनी शपथ घातली असेल आणि तू मूग गिळून बसलास. तू माझ्यापासून काहीतरी लपवतोयस, एवढं मी बरोबर ओळखलं होतं. बाकी सगळं चुकलं.

परवा रात्रीच्या वाऱ्याने वाटेवरचं एक झाड आडवं झालं, दोन गाठींचं. काल सकाळी बाबा तिथे हवेत हात फिरवत कितीतरी वेळ उभे होते, आणि मग परत फिरले. मला राहवलं नाही. दुपारी ते झोपल्यावर जाऊन मी शेजारच्या झाडाला सुतळी बांधली, मला येते तशी, बुटाच्या नाडीसारखी. आज ते फिरून आल्यावर बघायला गेले. माझी गाठ सोडलेली होती. त्या जागी दोन पार्सलगाठी, आणि टोकं उजवीकडे. चहा पिताना बाबा एवढंच म्हणाले, काही लोकांना साठी आली तरी गाठ येत नाही. मी म्हटलं, शिकवणारा बरा हवा. दोघंही हसलो. सामान बांधायचा विषय मी काढला नाही, आणि काढणारही नाही.

आता बुधवारचं. सोमवारी तुला माझं एक रजिस्टर पत्र येईल, निळ्या पाकिटातलं. त्यात मी तुला चोर म्हटलंय, वकिलाची धमकी दिलीय, आणि आईचं नाव घेऊन असं काही लिहिलंय की पाकीट चिकटवायच्या आधी मी ते पत्र दोनदा बाहेर काढलं होतं. तरी टाकलं. ते परत घ्यायला पोस्टात गेले होते, पण पिशवी निघून गेली होती. म्हणून हे पत्र उद्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय, त्याच्या आधी पोचावं म्हणून. निळं पाकीट घेऊ नकोस. घेतलंस तर उघडू नकोस. उघडलंस तर, छोट्या, मला माफ कर. आणि ये. आडव्या झाडाला वळसा घालून नवी वाट बांधायची आहे, तिला निदान सहा झाडं लागतील, आणि बाबांना एकट्याला ते जमायचं नाही. येताना सुतळी आण. मलाही ती गाठ शिकव. या वेळी कात्री आणणार नाही.

तुझीच,
फौजदारीण ताई