वाळूत राहिलेले दोन दिवस

पळसदेव,
बुधवार, १५ मे २०२४

तीर्थस्वरूप दादांस,

तुमच्या धाकट्या भावाचा, गोकुळचा नमस्कार. इकडं सगळी बरी आहेत. तुमच्या गुडघ्याला आराम पडलाय आणि लेकीच्या हातचं खाऊन तुम्ही अंगही धरलंय, असं राजनंदिनी सांगत होती. वडगाव मानवलं म्हणायचं.

उजनीचं पाणी यंदा पार तळाला गेलंय. पळसनाथाचं देऊळ उघडं पडलंय. लांबलांबून लोक गाड्या घेऊन बघायला येतात आणि गाळात रुततात. परवा एकाची गाडी ट्रॅक्टर लावून ओढून काढली, तेव्हा तुमची फार आठवण झाली. याच गाळावर तुम्ही मला ट्रक शिकवला. "स्टेरिंगला लोंबकळू नगंस, गाडी काय म्हणती ते बुडाखाली कळतं," म्हणायचात. केबिनमधला तो डिझेलचा आणि तुमच्या तंबाखूचा वास अजून नाकात आहे.

फोन केला असता, पण तुम्हाला हल्ली नीट ऐकू येत नाही. आणि खरं सांगायचं तर, ऐकू येत असतं तरी मला फोनवर बोलता आलं नसतं.

एप्रिलात मी आणि झुंबर युवराजकडं गेलो होतो. जैसलमेरच्या पुढं पवनचक्क्यांच्या कामावर आहे तो. आपली जीप घेऊनच गेलो. आदल्या दिवशी अंगणात सामान मांडलं, तुम्ही मांडायचात तसं. पाण्याचे दोन मोठे जार, गूळ-शेंगदाणे, कडक भाकरी, ताडपत्री, दोर, फावडं, चाकाखाली घालायला फळ्या, आरसा. झुंबर म्हणाली, "अवो, लेकाकडं चाललोय का रानात संसार मांडाया?" मला मात्र आई दिसत होती. तुम्ही लांबच्या फेरीला निघालात की ती चुलीपुढं बसून भाकरी वाळवायची, आणि तुम्ही एकेक वस्तू उचलून तिला दाखवायचात, तिच्या जिवाला बरं वाटावं म्हणून.

जैसलमेर सोडल्यावर मोबाइलमधल्या बाईनं जवळचा रस्ता सांगितला आणि मी ऐकलं. तासाभरानं डांबर संपलं, मग चाकोरीही संपली, आणि जीप वाळूत पोटावर बसली. टायरची हवा कमी केली, फळ्या घातल्या, फावडं मारून हाताला फोड आले. निघता निघता क्लच जळाला. रेंज नाही, झाड नाही, माणूस नाही. सकाळचे अकरा वाजले होते.

मग तुमचं सगळं आठवून केलं. ताडपत्री बांधून सावली केली. वरची तापलेली वाळू हातभर उकरून खालच्या गारव्यात पडून राहिलो. लांबून कळावं म्हणून बॉनेट उघडं ठेवलं. पाणी घोटाघोटानं, बोलणं कमी.

दुपारी झुंबर म्हणाली, "तुमी चालत जाऊन बघता का? त्या येळंला थोरल्या भाऊजींसाठी तुमीच न्हाय का गेला?"

मी म्हणालो, "गाडी सोडायची न्हाय. गाडी लांबनं दिसती, माणूस दिसत न्हाय. दादा सांगायचे."

"मग दादांनीच तुमाला कसं धाडलं?"

दादा, एकतीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.

मी तिला सांगितलं. आता तुम्हाला सांगतो. तुम्हाला ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून ऐका.

तुम्ही मला पाठवलं नव्हतं. डाळिंबाचा माल घेऊन बाडमेरकडं निघालो होतो आणि त्या कच्च्या वाटेवर ट्रकचा एक्सल तुटला. मी एकवीस वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गाडीखाली झोपला होतात. उरलेल्या पाण्याचा कॅन मी उचलला आणि चालायला लागलो. मदत आणावी असं मनातसुद्धा नव्हतं. तिथून लांब जायचं होतं, एवढंच. संध्याकाळी एका वाडीवर पोचलो. त्यांनी ताक दिलं, खाट दिली. एकटाच आहेस का, म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. भाऊ मागं आहे म्हटलं असतं, तर पाणी कोणी आणलं हेही सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरची म्हातारी भाकरी वाढताना सहज म्हणाली, तुझी आई वाट बघत असेल. तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं.

उंट आणि माणसं घेऊन आलो तर तुमचं तोंड, हात, सदरा सगळं लाल. मला वाटलं रक्त. तुम्ही गाडीतली डाळिंबं खाऊन जगला होतात. मला बघून म्हणालात, "आलास व्हय. व्यापाऱ्याचा माल कमी भरंल बग आता." आणि हसलात.

घरी येऊन सगळ्यांना सांगितलंत, "गोकुळला मीच धाडला. पोरगं वाळूतनं चालत गेलं म्हणून मी हाय." आईनं आधी मला ओवाळलं. गावानं देवळात नारळ दिला, तोही मी घेतला. पुन्हा तुमच्याबरोबर फेरीला आलो नाही. तुमच्यासमोर दोन घटका बसायचंही टाळत गेलो. तुम्ही वडगावला राहायला निघालात, त्या दिवशी मोटर बिघडली म्हणून मी रानात थांबलो. मोटर चांगली चालू होती.

झुंबरनं ताडपत्रीचा सैल झालेला दोर आवळला. मग म्हणाली, "आन् त्यांनी कुणाला सांगितलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी लांब टेकाडावर शेळ्या दिसल्या. हात भरून येईस्तोवर आरशानं ऊन फेकत राहिलो. शेळ्यांमागचा म्हातारा थांबला. दुपारी त्याच्या गावचा ट्रॅक्टर आला. आमचा अर्धा जार तसाच शिल्लक होता.

वाट बघणं काय असतं ते मला तिथं कळलं. आम्ही दोघं होतो, जवळ पाणी होतं. तुम्ही एकटे होतात. त्या पहाटे जाग आल्यावर तुम्ही आधी कशाला शोधलंत, मला की कॅनला, याचाच विचार मी महिनाभर करतोय. मला वाटतं, मला.

रविवारी झुंबर आणि मी वडगावला येतोय. राजनंदिनीला आणि जावईबापूंना सगळं मी स्वतः सांगणार आहे. तुम्ही नेहमीसारखं मधे बोलून मला सावरू नका, एवढी विनंती. या वेळी माझं बोलणं पुरं होऊ द्या.

न सांगता निघून गेलेला
तुमचा धाकटा भाऊ
गोकुळ