गेरूचा आकडा

२० जुलै १९७८
पूर्णेहून आले आणि झरीजवळच्या या गावात नर्स म्हणून रुजू झाले. खोली लहान, पण कोरडी आहे. शेजारच्या केवळाबाईंनी भाकरी आणि अंबाडीची भाजी आणून दिली. वर म्हणाल्या, शिस्टरबाई लय वाळलेल्या हायत, आधी सोताला सुई टोचून घ्या! पुष्कळ दिवसांनी पोटभर हसले.

२४ जुलै
हिवतापाच्या गोळ्या वाटल्या. गोळ्या दिल्या की घरातल्या माणसांचा आकडा दारावर गेरूनं टाकायचा, अशी आमची रीत. बायका माझ्या पाठीमागे तो आकडा पुसून टाकत होत्या. केवळाबाईंनी कारण सांगितलं. रझाकारांच्या काळात माझ्याच खोलीत सरजाबाई नावाची बाई राहायची. ज्या घरात भूमिगत पोरं लपलेली, त्या दारावर ती गेरूचं बोट ओढायची. मग रझाकार यायचे. शेवटी गावानं तिला विहिरीत ढकललं. तवापासून दाराला गेरू नगं वाटतो, म्हणाल्या. मी मनावर घेतलं नाही.

३० जुलै
विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आसपासच्या दलित वस्त्या पेटवल्या जाऊ लागल्या. गोळ्या वाटताना ओळख झालेल्या पंचफुलाच्या घरी ती आणि नवरा, दोघंच. आज तिनं मला आत नेलं. कणगीमागे जळालेल्या वस्तीतली एक भाजलेली आई आणि तिची तीन लेकरं. मलम लावलं. तुमच्या भरवशावर हाय, पंचफुला म्हणाली.

१ ऑगस्ट
पंचफुलाच्या दारावर आज सहाचा आकडा. वळण माझं. मी लिहिलेला नाही. ओल्या फडक्यानं पुसला, हात न लावता. घरी येऊन हात धुतले — पाणी लाल.

२ ऑगस्ट
पुन्हा सहा. गावचे पुढारी तात्याराव, त्यांच्या शेतातल्या आखाड्यावर रॉकेलचे डबे आलेत, सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनीच गोडीत विचारलं, दोघांच्या घरात सहा कसे, बाई? चुकून पडला म्हणायचं होतं. पाहुणे असतील, मी म्हणाले. आवाज माझाच होता. सरजाबाईवर ढकलायची सोय नाही. मला फक्त तिथून सुटायचं होतं.

३ ऑगस्ट
तात्यारावांना काय बोलून बसले ते पंचफुलाला सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं त्या आई-लेकरांना येडबा मेंढपाळाच्या वाडग्यात, मेंढरांच्या कुंपणात हलवलं, आणि ते पुन्हा मलाच सांगितलं. मलाच —

संध्याकाळ
तिचं घर रिकामं निघालं. आता तात्यारावांची माणसं माझ्या खिडकीशी आलेत. कुठं गेले, विचारायलेत.
माहीत नाही म्हणाले. पुन्हा म्हणाले.
हात गुंतलेले राहावेत म्हणून लिहितेय. उजवा लिहितोय. डावा मांडीखाली दाबून —
निघाला. खिडकीबाहेर. थरथरतही नाही. बोट वाडग्याकड