बेचाळीस कलमं, सगळी उत्तम

३ मार्च, मंगळवार
घर मिळालं! ऑफिसातले सांगत होते, परक्या देशात भाड्याचं घर मिळायला सहा महिने लागतात. मला तीन आठवडे. बघायला चौदा जण रांगेत होते. तेरा जण आत जाऊन लगेच बाहेर आले, त्यामुळे स्पर्धाच उरली नाही. एजंटबाई माझ्याकडे बघून हसल्या. पारख असते एकेकाला.
करार दोन वर्षांचा, मधे सोडता येत नाही. बरंच आहे. धरसोड मला आवडत नाही.

४ मार्च
किल्ली मिळाली. सोबत बेचाळीस कलमांची यादी. दार, नळ, खिडक्या, प्रत्येकापुढे 'उत्तम' किंवा 'सदोष' अशी खूण करायची. मुदत सात दिवस. मी बाईंसमोरच चार मिनिटांत सगळं 'उत्तम' करून दिलं. कुणाच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या नावं ठेवणं बरं दिसत नाही. शेऱ्यात 'घर फार आवडले' असंही लिहिलं. एकदा बघून तर घ्या, असं बाई दोनदा म्हणाल्या. त्यांना सांगितलं, वीस वर्षं कारखान्यात मालाची तपासणी करतोय, नुसती नजर पुरते.

७ मार्च, शनिवार
दार जरा अडतं. बाहेरून ढकललं की उघडतं, आतून ओढलं की नाही. मी टाच दोनदा आपटतो, मग खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येऊन बाहेरून खांदा लावतात. देवमाणूस. फक्त रविवारी ते मुलीकडे जातात.
संकल्प: रविवारी घरातच व्यायाम.

८ मार्च
घरातच होतो. व्यायाम नाही.

१० मार्च
यादीची मुदत उद्या संपते. दाराचं कळवावं का? पण एक कलम फिरवलं तर बाकीच्या एकेचाळीसांवरचा विश्वास उडेल. शिवाय बाई काय म्हणतील.

१३ मार्च, शुक्रवार
दाराची मूठ हातात आली. बाईंना फोन केला. त्यांनी कलम सतरा वाचून दाखवलं: मुख्य दार, उत्तम. खाली माझी सही. आता बिघडलं असेल तर तुम्हीच बिघडवलंत, म्हणाल्या. बरं, मीच दुरुस्त करतो म्हटलं. तर दुरुस्तीला मालकांची परवानगी लागते, परवानगी फक्त सदोष वस्तूला मिळते, आणि यादीप्रमाणे या घरात सदोष काहीच नाही. कारखान्यात मीही लोकांना असाच पेचात पकडतो. पहिल्यांदा बाईंचं कौतुक वाटलं. मग वाटेना.

१४ मार्च, शनिवार, सकाळी ११.१०
बायकोला व्हिडिओ कॉल. ती शाळेची प्रयोगशाळा सांभाळते, चौदा वर्षं. इकडे यायला तिची अट एकच, स्वयंपाकघराला उघडणारी खिडकी हवी आणि ऊन हवं. ते बघून मगच राजीनामा देणार. आमची खिडकी उघडते, पण हातभर अंतरावर शेजारची भिंत आहे. तरी वरच्या फटीतून अकरा दहा ते अकरा पंचवीस ओट्यावर ऊन येतं. मी ओटा दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, खिडकी उघडून दाखव. नेमकं नेटवर्क गेलं. म्हणजे मी घालवलं.

१६ मार्च
तिने राजीनामा दिला.
संकल्प: सगळं खरं सांगायचं. उद्या.

१७ मार्च
उद्या.

४ एप्रिल
दर शनिवारी अकरा दहाला ऊन दाखवतो. लेक विचारते, बाबा, तू नेहमी ओट्याजवळच का उभा असतोस? पोरगी चौकस आहे. माझ्यावर गेली.

१७ एप्रिल, शुक्रवार
दोघी परवा येताहेत. रविवार! घाबरायचं कारण नाही. उद्या संध्याकाळी आजोबांकडून दार उघडून घ्यायचं आणि फटीत चप्पल अडकवून ठेवायची. डोकं असलं की सगळं होतं.

१९ एप्रिल, रविवार, सकाळी ८
वाऱ्याने चप्पल सरकली. दार बंद. मूठ नाही, आजोबा नाहीत. विमानतळावर कळवलं, जरा कामात अडकलोय, टॅक्सीने या. पहिला भाग खोटा, दुसरा खरा. अडकलोय तर आहेच.

त्याच दिवशी, दुपारी
त्या आल्या. दाराबाहेरून बायको म्हणाली, "बाजूला हो." एका खांद्यात दार उघडलं. लेक गळ्यात पडली. बायको चपला न काढता सरळ स्वयंपाकघरात गेली. खिडकी उघडून तिने हात बाहेर काढला. तळवा भिंतीला टेकला. तो तिने तसाच ठेवला.
मी म्हटलं, सकाळी ऊन येतं गं, खरंच येतं.
"चौदा वर्षं होती रे माझी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मला खूप लाज वाटली. म्हटलं, आधी बॅगा आत घेतो.
बाहेरच्या खोलीत आलो. लेक शहाण्यासारखी स्टुलावर बसली होती. घरात आलं की दार नीट लावून घ्यायचं, हे आम्हीच तिला लहानपणापासून शिकवलंय. तिने लावून घेतलं होतं.
बॅगा तिन्ही बाहेर. आम्ही तिघं आत. मी टाच दोनदा आपटली. मग आठवलं, रविवार.