चर्चच्या दारात थांबणे

४ जानेवारी
ट्रॅक डेला, म्हणजे आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवण्याच्या दिवसाला, नाव नोंदवले. शनिवार, ३१ तारीख. पंधरा फेऱ्या. मार्थाने बघायला यावे. लग्नाला अकरा वर्षे झाली, तिने मला काहीच वेगात करताना पाहिलेले नाही. आता फक्त ब्रेक बदलायचे. मी विज्ञान शिकवतो. ब्रेक म्हणजे घर्षण. दोन दिवसांचे काम.

९ जानेवारी
निवड होईना. ब्रेकची डिस्क भोकांची की खाचांची? भोकांची लवकर निवते, पण तडकते. मार्थाला फोटो दाखवला. असला झारा घरात आहे म्हणाली. खाचांची मागवली. पॅड शर्यतीचे.

१४ जानेवारी
बसवले. गोरक्ष मेकॅनिकचे म्हणणे, हे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत आणि माझी शाळा घरापासून दोन किलोमीटर. गोरक्ष दहावीला विज्ञानात नापास. माझ्याच वर्गात.

१८ जानेवारी, रविवार
चर्चच्या दारात ब्रेक किंचाळले. पाळकसाहेब प्रार्थनेत थांबले. मार्थाने मान खाली घातली. प्रार्थनेसाठीच असावी. घरी आल्यावर म्हणाली, "पुढच्या रविवारी चर्चच्या दारात गाडी आवाज न करता थांबवा. मग येते तुमच्या ट्रॅकवर."
सोपे आहे.

२१ जानेवारी
गोरक्षने पॅडच्या पाठीला ग्रीस लावले. "आवाज जाईल, सर. थांबायचं तुमी बघा." जुने पॅड फेकून दे म्हटले. मार्थाने मागून घेतले.

२५ जानेवारी, सकाळी ७.३०
योजना: मनमाड रस्त्यावर दहा वेळा जोरात ब्रेक. पॅड तापले की थेट चर्च.

२५ जानेवारी, दुपार
पॅड उत्तम तापले. मार्था डॅशबोर्ड धरून बसली होती. मग कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे अर्धा तास, बैलाच्या चालीने. पॅड निवले. उशीर झाला म्हणून चर्चच्या उतारावर जरा वेग घेतला. ब्रेकवर पाय दाबला.
आवाज अजिबात आला नाही. गाडी दारावरून पुढे गेली आणि दफनभूमीच्या फाटकाला टेकून थांबली.
अर्धी अट पूर्ण झाली, असे मार्थाला म्हटले. ती उतरून चालत मागे गेली.

३१ जानेवारी
गोरक्षकडे जुने पॅड बसवले. मार्थाने डिकीत कापडात गुंडाळून ठेवले होते. ट्रॅकवर आता माझ्याविना सातवी फेरी चालू असेल.
परतताना मार्थाने चावी मागितली. चर्चच्या दारात तिने गाडी थांबवली. आवाज नाही.
मी शेजारी होतो. डॅशबोर्ड धरून.