ढाल पारशिवनीची आहे

नाही, मले कोणी धमकावलं नाही, पढवलं नाही, अन् डोकंही ठिकाणावर आहे. विचारलं नाही कोणी, तरी सांगून टाकते, कारण मी मेल्यावर अमोल हेच म्हणन.

मी सिंधू विश्वनाथ रामटेके, वय बहात्तर, सातवी नापास, राहणार जरीपटका, नागपूर. माह्या मर्जीनं हे मृत्युपत्र लिहून राहिली. याच्या आधीचे सारे कागद रद्द.

१. घर माह्या नावावर आहे. वरचा मजला कोणाचा, खालचा कोणाचा, यावर भांडण नको. आशियाच्या फुटबॉलवाले डब्यातून चिठ्ठी काढून कोण कोणाशी खेळन ते ठरवतात, तशी काढायची. एक मजला पोरगी कामिनीले, एक पोरगा अमोलले. कामिनी आताच म्हणते, "वरच्या मजल्याले पाणी चढत नाही वं आई." मोटर लाव मग. अमोलचा वाटा मात्र कलम चार पाळल्यावरच.

२. शिलाई मशीन कामिनीच्या वैभवीले. गांधीबागेतून कापड आणून याच मशीनवर मी जरीपटक्याच्या फुटबॉल टीमच्या जर्सी शिवल्या. "आजी, रेडिमेड स्वस्त पडते," म्हणते. पडू दे.

३. विश्वनाथ कप, आमची फुटबॉलची स्पर्धा. जिंकन त्या टीमले ढाल. आमच्या यांनी सुरू केला, त्यांच्यामागं मी चालवला. पहिले साऱ्या मॅच इथंच व्हायच्या. बाहेरगावचे पोट्टे यायचे, आमच्या लोकांच्या शिव्या खायचे, हरून जायचे. मग वैभवीनं मोबाईलवर आशियाचे नियम वाचून दाखवले. एक मॅच आपल्या घरी, एक त्याहीच्या घरी, दोन्हीचे गोल मिळवायचे. बेरीज सारखी आली तर परक्या मैदानावर ज्याचे गोल जास्त, तो जिंकला. मले पटलं. परक्याच्या दारात गोल मारणं सोपं नसते. पाहुण्या टीमले जेवू घालायचं, हा नियम मात्र आशियाचा नाही, आमचा. साऱ्या टीमनं सह्या केल्या. जरीपटक्याचा कोच अमोल, त्यानंही केली.

४. फायनल पारशिवनी गावच्या टीमशी झाली. तिथं एक-एक. त्याहीनं आमच्या पोट्ट्यांले पंगतीत बसवून पोटभर जेवू घातलं. इथं दोन-दोन. बेरीज सारखी, पण परक्या मैदानावर त्याहीचे दोन, आमचा एक. ढाल पारशिवनीची. अमोल साऱ्यांसमोर ओरडला, "आई, तू मले घरच्या मैदानावर हरवलं!" मी म्हटलं, "मी नाही गा, तुह्या डिफेन्सनं."

त्यानं ढाल उचलून आपल्या घरी नेली. वर पाहुण्यांसाठी रांधलेले भाजी-भाताचे गंज, भरलेली पातेली, मैदानावरून उचलायले लावले. पारशिवनीचे पोट्टे उपाशी एसटीत बसले. हरणं चालते. हे चालत नाही. त्या दिवसापासून अमोल माह्या दारात आला नाही.

मग आशियानंच तो परक्या गोलाचा नियम काढून टाकला. लगेच अमोलचा फोन, "आता तरी मान, ढाल आमची." काहून तुमची? मॅच सुरू होताना जो नियम होता, तोच. पुढच्या कपात आमच्याकडेही तो नियम नाही. बरोबरी झाली तर जास्तीचा वेळ, मग पेनल्टी. मागचा निकाल बदलत नाही.

म्हणून अमोलनं ढाल स्वतः पारशिवनीले न्यावी. त्याच मैदानावर त्याहीचा कॅप्टन गोविंदा, त्याच्या हातात द्यावी. साऱ्या टीमचं जेवण सोबत न्यावं, आपल्या हातानं वाढावं, अन् त्याहीच्याच पंगतीत बसून जेवावं. माणूस पाठवलेला चालणार नाही. मी गेल्यावर वर्षभरात हे झालं नाही, तर त्याचा मजला विश्वनाथ कपाले. एक मॅच घरी झाली, दुसरी परक्या दारात बाकी आहे. माह्या मरायची वाट कशाले पाहतो? एसटी रोज जाते.

५. हे सारं पार पाडायचं काम संघपालकडे. फायनलचा रेफ्री तोच होता. शिट्टी वाजवायले तो कोणाले भेत नाही.

वाचून पाहिलं, मग सही केली.

सिंधू विश्वनाथ रामटेके (सही)

आमच्या डोळ्यांसमोर सही झाली:
१. संघपाल मेश्राम, रेफ्री (सही)
२. अंजनाबाई वासनिक, शेजारीण (सही)

जरीपटका, नागपूर. ९ नोव्हेंबर २०२४

सहीखाली एक ओळ: अमोल विचारन, आईनं मले माफ केलं का. ते मी इथं लिहिणार नाही. कोणाले सांगणारही नाही.